साडूंचं अस्वल

आमच्या साडूंनी पायी तुडवलेली पृथ्वी सोलापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणी नकाशावरही धड पाहिली नसेल. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एक भलीमोठी सॅक आणली, तिच्यात चादर, शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चवड भरली आणि नेपाळला निघाले. पुढं श्रीलंका, मग व्हिएतनाम. हॉटेलात उतरायचं नाही, टॅक्सी करायची नाही. जिथं कॉलेजची पोरं पथाऱ्या पसरतात तिथं यांची सोलापुरी चादर. भाकरीवर मात्र गाढ विश्वास. "म्हैनाभर नासत न्हाय, आन् कुत्रं अंगावर आलं तर फेकून मारता येती की!" व्हिएतनामच्या विमानतळावर अधिकारी ती भाकरी टेबलावर वाजवून बघू लागला, तर यांनी तुकडा मोडून, चटणी लावून त्याच्याच हातात दिला. तो बिचारा चावत राहिला, तोवर हे बाहेर.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मोडनिंबचे, नोकरी सगळी सोलापुरात, पाणीपुरवठ्यात ओव्हरसिअर. कुठल्या गल्लीला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, यात उभा जन्म गेलेला. त्यामुळं निसर्ग पाहायची त्यांची तऱ्हाच वेगळी. धबधबा दिसला की लोक मोबाइल काढतात. साडू घड्याळ बघायचे. नेपाळात एका धबधब्यासमोर हा गृहस्थ सकाळपासून दुपार कलेपर्यंत बसून होता, बंद कधी होतो ते बघायला. परत आल्यावर मला म्हणाले, "साडूभाऊ, चावीच न्हाय वो त्याला!" हे सांगताना त्यांचा आवाज चिरकला होता. मी हसलो होतो.

मग त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. "जल्मभर नळाच्या टोकाला उभा ऱ्हायलो. एकदा दुसरं टोक बगायचंय." दुसरं टोक म्हणजे हिमनदी वितळून जिथं पाण्याची पहिली धार सुटते ती जागा. त्यासाठी जॉर्जिया ठरलं. माझी बायको म्हणाली, "दाजी, यांनाही न्या की, घरात बसून बसून मुरलेत." साडू म्हणाले, "नेतो, आन् हाय तसा आणून देतो."

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात कधीच नव्हती. जॉर्जियात चालायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी माझ्या टाचा सोलल्या होत्या आणि समोर चढ उभाच्या उभा. साडू पुढं गेले असताना वाटेत भेटलेल्या घोडेवाल्यानं माझ्या घड्याळावर बोट फिरवून सांगितलं होतं, हिमनदीला अजून दीड तास. साडू बाटल्या भरायला ओढ्यावर गेले होते. भाकऱ्यांची पिशवी माझ्या ताब्यात होती. शिदा संपला तर परत फिरावंच लागेल, एवढा एकच विचार मनात आला आणि मी पिशवी उचलून खाली घळीत भिरकावली.

आदल्या दिवशी रस्त्यात अस्वलाचं चित्र असलेली पाटी पाहिली होती. साडू आल्यावर मी म्हणालो, "अस्वल आलं होतं. पिशवी घेऊन गेलं."

त्यांनी बाटल्या खाली टाकल्या. माझे दंड, पाठ, खांदे चाचपून पाहिले. "तुमाला काय केलं न्हाय न्हवं?" मग एकदा चढाकडं पाहिलं. फक्त एकदा. "चला माघारी. मेव्हणीला शबूद दिलाय." आणि दोन दिवस उतरताना, अस्वल मागून आलं तर आधी आपण सापडावं म्हणून, हातात काठी घेऊन माझ्या मागं चालत राहिले.

सोलापुरात आल्यावर ते अस्वल वाढीला लागलं. पहिल्या वर्षी वासराएवढं होतं, तिसऱ्या वर्षी म्हशीएवढं झालं. चटणी तिखट लागल्यामुळं ते ओढ्यावर जाऊन पाणी प्यायलं, हेही पुढं दाखल झालं. बारसं असो, साखरपुडा असो, साडू सांगत, "जगात आपल्या सोलापूरची भाकरी खाल्लेलं एकच अस्वल! विचारा यांना." आणि सगळी पंगत माझ्याकडं बघे. मी मान डोलवायचो. तो घास मला कधी गिळवला नाही.

गेल्या वर्षी साडूंचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ बंद केला. परवा त्यांच्या गच्चीत आम्ही शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. पिशवी, घळ, टाचा, सगळं.

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग विचारलं, "किती ऱ्हायलं हुतं वो?"

"दीड तास."

"दीड." हातातली शेंग तशीच राहिली. "दमला हुता तर सांगायचं की. बसलो असतो."

शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो. मी म्हणालो, "तुमचं बघायचं राहिलं माझ्यामुळं."

"व्हय, ऱ्हायलं." हे त्यांनी गोड करून सांगितलं नाही. टरफलं सुपात गोळा केली आणि म्हणाले, "आता माज्यानं हुत न्हाय. तुमी जाऊन या. आन् मला सांगा."

जुलैत निघतोय. एकटाच. पहाटे तलावाच्या बांधावर सॅक घेऊन चालतो, धाप लागते, बसतो, परत उठतो. पोहोचेन की नाही, माहीत नाही. तिथं नुसतं राखाडी बर्फ आणि बोटभर धार असेल, तर त्यांना काय वाटेल, तेही माहीत नाही. इतकंच ठरवलंय, दिसेल तेवढंच सांगायचं.