न घेतलेली मापं

"बघितलं, का नुसतं मानलं?"

चष्मा कपाळावर सरकवायचा, हातातली मापं घ्यायची व्हर्निअर शर्टाच्या बाहीला पुसायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत एवढंच विचारायचं. चाकणच्या आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला असलेल्या तात्यांचा हा प्रश्न हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सारखाच असायचा. तुमच्याही कामावर असा एखादा माणूस असेल. त्याच्यासमोर थाप मारताना आपली जीभ आपल्यालाच जड वाटते.

तात्या तिथलेच, जुन्या गावातले. "ह्या पत्रा दाबायच्या प्रेसखाली माझ्या बापाचा बटाटा निघायचा," असं ते नव्या माणसाला सांगायचे. त्यात तक्रार नसायची, नुसता पत्ता सांगितल्यासारखं सांगायचे.

त्यांची-माझी खरी ओळख झाली ती माझ्या हुशारीमुळे. मी लाइनवरचा इन्स्पेक्टर. दर तासाला पाच ब्रॅकेट उचलून मोजायचे आणि आकडे तक्त्यात भरायचे, हे माझं काम. एका सकाळी कंटाळा आला म्हणून मी पुढच्या दोन तासांचे आकडेही भरून टाकले. एक जरा कमी, एक जरा जास्त, म्हणजे खरे वाटावेत. तात्यांनी तक्ता बराच वेळ वाचला.

"लातूरकर, आकडे झ्याक हायेत. पण प्रेस तर तासाभरापास्नं बंद हाय. तू मोजलंस काय?"

सगळी लाइन हसली. तात्यांनी तो तक्ता फाडला, वर तक्रार मात्र केली नाही. "परत भर," एवढंच म्हणाले.

त्याच वर्षी माझ्या पोटानं बंड केलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. या आजाराचं मोठेपण असं की माणूस कंपनीचा नकाशा संडासांच्या हिशेबानं पाठ करतो. पेंट शॉपचा जवळचा, पण कडी मोडकी. कँटीनमागचा चांगला, पण शंभर पावलं लांब, आणि माझी ऐपत साठ पावलांची. सुपरवायझरला वाटायचं, मी मोबाइल बघायला पळतो. तात्यांनी काही विचारलं नाही. मी उठलो की ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. "जा रं बिगीनं. मी हाय."

पुढे डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू केली. बजावून सांगितलं, "क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या गोळीनं एकदम घटतात. म्हणून रक्ताची तपासणी चुकवायची नाही. ताप आला, घसा धरला, तर त्याच दिवशी फोन करायचा." हे मी तात्यांनाही सांगितलं.

गोळीनं जादू केली. मी साठ पावलांवरून थेट पुनावळ्यातल्या घराला प्रदक्षिणा घालण्याइतका बरा झालो. पहिले दोन रिपोर्ट नॉर्मल आले आणि माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. सॅम्पल ओके, म्हणजे लॉट पास! तिसऱ्या तपासणीला मी गेलोच नाही. चौथ्यालाही नाही. तात्या विचारायचे, मी "नॉर्मल" म्हणायचो. बायको विचारायची, तिलाही "नॉर्मल". क्वचित म्हणजे दुसऱ्या कुणालातरी, अशी माझी पक्की समजूत होती.

मग कंपनीत कस्टमरचं ऑडिट आलं, आणि त्याच सकाळी मला कणकण आली. आदल्या दिवशीच तोंडात फोड आले होते. त्यांचा दोष मी मिसळीवर ढकलून मोकळा झालो होतो. तापाची एक गोळी टाकून कामावर गेलो. चहाच्या सुट्टीत पहिला घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. तात्या समोरच होते.

"तोंड उघड."

"काही नाही तात्या, उष्णता."

"उघड म्हनतो ना."

त्यांनी आत बघितलं. मग कपाळाला हात लावला. "रगत कधी तपासलंस?"

"मागच्या आठवड्यात. नॉर्मल आहे."

"दाखव रिपोर्ट."

मी मोबाइल काढला आणि शोधायचं नाटक सुरू केलं. मेसेज, फोटो, पुन्हा मेसेज. तात्या थांबले होते.

"म्हंजे रगतबी प्रेस बंद असतानाच मोजलंस व्हय?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की मला पहिल्यांदा भीती वाटली.

ऑडिटवाले गेटवर आलेले असताना तात्यांनी ड्युटी सोडली. चौतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. कंपनीची गाडी पाहुणे आणायला गेलेली, म्हणून मला स्कूटरवर मागे बसवलं आणि मी पडू नये म्हणून आपल्या पंच्यानं मला कमरेशी बांधून घेतलं. चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये लोक आमच्याकडे बघत होते. तापात मला लाज वाटत होती ती पंच्याची, बघा! माणूस मरायला टेकला तरी त्याला दिसण्याची काळजी असते.

चिंचवडच्या हॉस्पिटलात रक्त घेतलं. व्हर्निअरवर केसाएवढा फरक पकडणाऱ्या तात्यांनी सुई बघून तोंड भिंतीकडे फिरवलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस उशीर केला असता तर सांगता आलं नसतं." गोळी बंद झाली, सलाइन लागलं आणि मला काचेच्या खोलीत एकटं ठेवलं. साधी सर्दीसुद्धा मला परवडणारी नव्हती.

बायकोला तात्यांनीच फोन केला. ती आली, काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहिली. "हे तर नॉर्मल म्हणाले होते," ती तात्यांना म्हणाली.

"आत्ता रागवू नगंस पोरी. आधी बरा हू दे, मग दोघं मिळून धरू त्याला."

रोज सकाळी रक्त जायचं आणि रोज आकडा तिथंच असायचा. बाहेरून तात्या बोटानं विचारायचे, मी मान हलवायचो. तिसरा दिवस, चौथा दिवस. पाचव्या दिवशी मी मान वर करायचीही टाळली. आपण जगणार की नाही, हे पहिल्यांदाच मला मनानं भरता येत नव्हतं.

सहाव्या दुपारी काचेशी गुलाबी फेटा दिसला. तात्या! कपाळाला गंध, खांद्यावर शाल, काखेत नारळ. त्या दिवशी ते रिटायर झाले होते. निरोपाचं भाषण अर्ध्यावर टाकून थेट इकडे आले असणार. मी कॅलेंडर विसरलो होतो. तेवढ्यात नर्स त्यांच्याशी काहीतरी बोलली, हातानं वर जाणारी रेघ दाखवली. पेशी वाढायला लागल्या होत्या.

मला वाटलं, ते हसतील, निदान नारळ तरी हलवून दाखवतील. त्यांनी फक्त मागची खुर्ची चाचपली आणि बसले. बसले ते झोपलेच. फेटा हळूहळू नाकावर आला, शाल एका बाजूनं जमिनीला लागली, नारळ मात्र पोटाशी घट्ट.

नर्स त्यांना उठवायला वाकली. मी आतून काचेवर टकटक केली आणि बोट ओठांवर ठेवलं. मग उशी उभी करून, ते उठेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसलो.