आजोबांचा रेझर आणि माझी पक्कड

नानांचा रेझर उघडत नव्हता आणि माझं डोकं फिरलं होतं. दुसऱ्या दिवशी धुळ्यात आमच्या घरी मुलीचा साखरपुडा, आणि नाना, म्हणजे माझे वडील, नरडाण्याजवळच्या गावाहून आठवड्याची पांढरी दाढी घेऊन आलेले. हात थरथरतो म्हणून कित्येक दिवस त्यांनी पातं बदललंच नव्हतं. बोअरच्या खाऱ्या पाण्याने आणि साबणाने दांडीचे आटे असे धरले होते की कोणी डाख दिलाय असं वाटावं.

आधी नुसत्या हाताने पिळला. मग नॅपकिन गुंडाळून. हात सटकला, आतलं पातं अंगठ्याला लागलं आणि मी सरळ पक्कड काढली.

"पक्कड लावू नको," नाना खुर्चीतून म्हणाले. "दांडीवर वळ पडतीन."

तीस वर्षं बस डेपोत गंजलेले नट सोडवलेला हा माणूस. स्वतःच्या हातात जोर नाही, पण सूचना अखंड चालू. गरम पाण्यात साबण घाल. भिजू दे. पूस. शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोड. थांब. मंडपवाल्याचे फोन येत होते, आचारी दारात उभा होता आणि मी एका रेझरला अंघोळ घालत होतो!

बायकोने व्हिनेगरची बाटली आणून दिली. झिलई जाईल म्हणून तीही नानांनी परत पाठवली. दोनदा भिजवून झालं तरी दांडी हलेना.

"चला, खाली सलून आहे," मी म्हटलं. "दहा मिनिटांत तुळतुळीत."

"माले नही जानं."

"मग दाढी वाढवून बसणार पाहुण्यांसमोर?"

"मंग मी बाहेर येतच नही."

मी भडकलो. नातीच्या साखरपुड्याला आजोबा आतल्या खोलीत, हे मला चालणार नव्हतं. मी आवाज चढवला. जमाना बदलला, शहरात कोणाला वेळ आहे, तो सलूनवाला कोणाची जात विचारत नाही!

जात हा शब्द मीच काढला. नानांनी काढला नव्हता. गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्या माणसांच्या गालाला हात लावत नसे, म्हणून माझ्या आजोबांनी हा रेझर धुळ्याच्या बाजारातून आणला होता, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"तो इचारस नही, माले माहीत शे," नाना शांतपणे म्हणाले. "पन आते इचारी, मंग इचारी, असं करत माले तठे नही बसनं."

मी पुन्हा पाणी तापवलं. या वेळी घाई केली नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दांडीभोवती गुंडाळला, वरचा भाग जाड फडक्यात धरला आणि हळूहळू जोर लावला. करकरत दांडी फिरली. आट्यांत पांढरा थर साचला होता. नानांनी जुन्या टूथब्रशने तो स्वतः साफ केला, एकही ओरखडा नाही ना, हे उजेडात धरून पाहिलं आणि रेझर माझ्या हातात दिला. मला एकदम लाज वाटली. इतका वेळ मी भांडत होतो, पण हा हात आता दाढी करू शकत नाही, हे मी त्यांना मोठ्याने म्हणू दिलं नव्हतं.

नवं पातं घालून मी त्यांच्या गालावर फेस लावला. उजवा गाल झाला. हनुवटी वर करून त्यांनी गळा पुढे केला आणि विचारलं,

"तू जास ना त्या सलूनमा. त्याले तुन्हं आडनाव माहीत शे का?"

बारा वर्षं जातोय मी तिथे. त्याला माझं गाव माहीत आहे, नोकरी माहीत आहे, मुलीचे मार्क माहीत आहेत. आडनाव त्याने एकदा विचारलं होतं, तेव्हा मी फोन आल्याचं सोंग केलं होतं.

"नाना, बोलू नका," मी म्हटलं. "कापेल."