मी तात्पुरती, असं त्यांचं म्हणणं

मला त्या जागेवर तात्पुरतं नेमलं तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती. तिनं शाळा संपवली, सैन्याचा गणवेश चढवला, रविवारी पहाटे पाठीवर पिशवी टाकून आमच्या डिमोना गावाच्या बसथांब्यावर उभी राहू लागली, तरी मी तात्पुरतीच होते. ऑफिसच्या दारावरची पाटी मात्र कायमची होती, खिळे ठोकून बसवलेली. आज हे मी हसत सांगते, पण तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा, आणि तो मी कोणापासून लपवतही नसे.

जागा होती जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याची. वाळवंटातल्या त्या जिल्ह्यात प्यायचं पाणी कसं आहे, पोरांना लसी टोचल्या की नाही, हॉटेलं आणि कारखान्यांची स्वयंपाकघरं धड आहेत की नाहीत, हे सगळं त्या अधिकाऱ्यानं बघायचं. आधीचे अधिकारी रुमानियाहून आलेले म्हातारे डॉक्टर होते. एके दिवशी छातीत कळ येऊन ते आडवे झाले आणि त्यांनी घरीच बसायचं ठरवलं. मी मुंबईला शिकलेली डॉक्टर, तिथल्या सरकारी दवाखान्यात काम केलेली, इथं डिमोनाच्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली होते. यरुशलेमहून, आरोग्य खात्याकडून, कागद आला: नवी नेमणूक होईपर्यंत तुम्ही काम पाहा. नवी नेमणूक म्हणजे मिख्राज, म्हणजे जाहिरात देऊन, उमेदवारांना बोलावून, निवड समितीपुढे मुलाखती घेऊन माणूस निवडायचा. मोठ्या सरकारी जागा अशाच भराव्यात असा कायदाच होता, आणि तात्पुरत्या नेमणुकीला त्यानं थोडक्या महिन्यांची मुदत घातली होती. ती मुदत संपली की यरुशलेमहून मुदतवाढीचा कागद येई. तो कधीही मुदत संपण्याआधी येत नसे. मधल्या दिवसांत मी नक्की कोण, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता खुर्चीचं सांगते, कारण पुढं सगळं तिच्यावरच आलं. मुंबईच्या आमच्या ऑफिसात एक रीत होती. साहेब रजेवर गेले, बदलून गेले, आणि त्यांच्या जागी कोणी ऑफिशिएटिंग आलं, तर तो माणूस साहेबांच्या खुर्चीत बसत नसे. तो आपली खुर्ची शेजारी मांडून घेई. साहेबांची खुर्ची पुसायची, जागेवर ठेवायची आणि मोकळी सोडायची. कोणी हुकूम काढलेला नव्हता. पण जो बसेल त्याला सगळे 'घाई झाली होती याला' म्हणत. मी त्या वळणात वाढलेली. म्हाताऱ्या डॉक्टरांची खुर्ची मी मोठ्या टेबलामागं तशीच ठेवली आणि खिडकीपाशी लहान टेबल टाकून काम सुरू केलं. आमची कारकून बाई मोरोक्कोची होती. पहिल्या दिवशी तिनं मला वेड्यात काढलं. "खुर्ची चावते का तुला?" म्हणाली. मी म्हटलं, नेमणूक झाली की बसेन.

तात्पुरत्या माणसाचं एक बरं असतं, त्याला सगळे सांभाळून घ्यायला सांगतात. नगरपालिकेचा माणूस यायचा आणि विहिरीचं पाणी बंद करू नका म्हणायचा, जरा कायमचा साहेब येऊ दे. हॉटेलवाला म्हणायचा, तुम्ही कशाला वाईट होता, तुम्ही काय आज आहात, उद्या नाही. म्हणजे मी तात्पुरती असल्यानं जिल्ह्यातली घाण मात्र कायम राहायची. हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. रागाचं म्हणाल तर तो माझ्या नाकावरच असतो. मी पाणी बंद करायची.

मग तो कारखाना आला. त्याचं नाव मी घेणार नाही. तिथल्या भोजनगृहात जेवलेले कामगार उलट्या करत दवाखान्यात येऊ लागले. त्यांत आमच्या डिमोनाचे, कोकणातल्या गावांतून मुंबईमार्गे आलेले बरेच होते. माझ्या नवऱ्याचा मित्रच दोन दिवस सलाइनवर होता. मी स्वतः स्वयंपाकघरात गेले. मांस जमिनीवर वितळत पडलेलं, पाण्याची टाकी उघडी, आणि टाकीत काय होतं ते जेवणाआधी वाचणाऱ्यासाठी मी लिहीत नाही. मी स्वयंपाकघराला टाळं लावलं. मॅनेजर माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला, अगदी हसत. "डॉक्टर, तुझी मुदत कधी संपते?" त्यानं विचारलं. त्याला ते ठाऊक होतं, हे त्याच्या हसण्यावरूनच कळलं.

आठवड्याच्या आत यरुशलेमहून खात्यातल्या वरिष्ठांचा फोन आला. गोड माणूस, आवाजही गोड. "डॉक्टर, जरा समजुतीनं घ्या. तुमची मुदतवाढ माझ्या टेबलावर आहे."

"स्वयंपाकघर साफ झालं की उघडते," मी म्हटलं.

"एवढं ताठ राहून चालत नाही."

"माणसं उलट्या करताहेत, त्यांना वाकूनच राहावं लागतंय. कोणीतरी ताठ राहायला हवं ना."

मुदतवाढ आली नाही. तिच्याऐवजी एक डॉक्टर आला. जाहिरात नाही, मुलाखत नाही, तोही तात्पुरताच. हातातला कागद मला दाखवताना बिचारा संकोचला, माणूस वाईट नव्हता. पण खोलीत शिरला तो सरळ मोठ्या टेबलामागं जाऊन खुर्चीत बसला. मला सांगण्यात आलं की मी डिमोनाच्या दवाखान्यात पूर्वीच्या जागी परत जावं. मला मुदतवाढ न मिळाल्याचं वाईट वाटलं नाही. एका घाणेरड्या टाकीसाठी जिल्ह्याचा अधिकारी हलवता येतो, हे सगळ्या कारखानदारांनी पाहिलं, ते मला सहन झालं नाही. मी वकील गाठला.

घरी आईनं डोक्याला हात लावला. ती रेवदंड्याच्या बाजूची, मुंबईत पन्नास वर्षं काढून इथं आलेली. "अगो, सरकारवर केस? ज्यांनी आपल्याला हितं आणलंन, घर दिलंन, त्यांच्यावर? लोक काय म्हणतील, खाल्लेल्या घरावर दगड मारतेस म्हणून."

"आई, मी पाहुणी नाही आले," मी म्हटलं. "आणि घराचे हप्ते आपण भरतो."

सुट्टीवर आलेली मुलगी मध्येच म्हणाली, "सावता, दाय!" सावता म्हणजे आजी, आणि दाय म्हणजे पुरे. "इमा बरोबर आहे." इमा म्हणजे आई, म्हणजे मी. पोरगी मराठीत सुरू करून हिब्रूत कधी शिरे ते तिचं तिलाच कळत नसे. आई पुटपुटत राहिली. आमच्या कोकणातून आलेल्या ज्यूंना या देशात आल्या आल्या आपण पुरे ज्यू आहोत हेच पटवून द्यावं लागलं होतं, त्यासाठी यरुशलेममध्ये रस्त्यावर बसावं लागलं होतं. ते दिवस आईच्या मनातून गेले नव्हते. पुन्हा कोणाच्या डोळ्यांवर यायला तिला नको होतं. मला मात्र त्या दिवसांतून वेगळंच शिकायला मिळालं होतं.

माझे वकील बगदादचे, साठी उलटलेले, सूर्यफुलाच्या बिया फोडत बोलणारे. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "ते म्हणतील, तुला तात्पुरती म्हणून नेमली, मुदत संपली, तू गेलीस, तक्रार कसली? आपण म्हणायचं, एकामागून एक तात्पुरते आणून तुम्ही कायद्याच्या तोंडाला पानं पुसलीत. एवढंच. तू जास्त बोलू नकोस." मला जास्त बोलू नकोस सांगणारे ते पहिले नव्हते.

कामगार न्यायालयात मध्ये न्यायाधीश बाई आणि दोन बाजूंना दोन प्रतिनिधी बसले होते, एक कामगारांचा आणि एक मालकांचा. खात्याचे वकील तरुण, इस्त्रीचा शर्ट घातलेले. मी साक्षीला उभी राहिले. त्यांनी माझ्या कामाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी खुर्चीबद्दल विचारलं. कोणी सांगितलं असेल त्यांना, देव जाणे.

"मुख्य अधिकाऱ्याच्या टेबलामागं आपण कधी बसलात?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. मी खिडकीपाशी बसत असे."

"का?"

"कारण माझी कायमची नेमणूक झाली नव्हती."

ते न्यायाधीशांकडे वळले. "म्हणजे अर्जदार बाईंनी स्वतःच स्वतःला कधी अधिकारी मानलं नाही. त्यांना आपण त्या जागेवरच्या नाही हे पक्कं माहीत होतं. मग जागा गेली ही तक्रार कशी?"

माझ्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं ज्याला मी शिस्त समजत होते, सभ्यपणा समजत होते, ते एका इस्त्रीवाल्यानं माझ्याच गळ्यात अडकवलं होतं. त्या घटकेला मला आईचंही पटलं. तिला मी फणकाऱ्यानं पाहुणी नाही म्हटलं होतं, आणि ऑफिसात अंग चोरून पाहुणीसारखीच बसत होते. पण मग मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

मी न्यायाधीशांना म्हटलं, "बाई, मला उत्तर पुरं करू द्या." त्यांनी मान हलवली.

"मी जिथं काम शिकले तिथं तात्पुरता माणूस साहेबाच्या खुर्चीत बसत नाही. खुर्ची साहेबासाठी मोकळी ठेवतो. मी ठेवली. म्हटलं, आज जाहिरात निघेल, उद्या मुलाखती होतील, कोणीतरी येईल, नाहीतर मीच निवडली जाईन. माझी मुलगी पाचवीत होती तेव्हापासून मी ती खुर्ची रोज पुसून ठेवत होते. पाणी मी तपासलं, लसी मी दिल्या, सह्या मी केल्या, शिव्या मी खाल्ल्या. खुर्ची मात्र रिकामीच राहिली. ती भरायचं काम माझं नव्हतं, यांचं होतं. ती मोकळी होती, असं हे साहेब मला सांगताहेत? हेच तर मी सांगायला आलेय."

कामगारांचा प्रतिनिधी, एक जाडजूड माणूस, पुढं झुकला. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि खात्याच्या वकिलांना विचारलं, "सध्या जे डॉक्टर तिथं आहेत, तेही तात्पुरतेच ना?"

"हो."

"ते कुठं बसतात?"

वकिलांनी मागं बसलेल्या गोड आवाजाच्या वरिष्ठांकडे पाहिलं. वरिष्ठ जमिनीकडे पाहत होते. "खुर्चीत," शेवटी वकील म्हणाले. मागच्या बाकावर आमची मोरोक्कोची कारकून बाई होती. ती एवढ्या मोठ्यानं हसली की तिला बाहेर जायला सांगितलं.

निकाल लागला तो पूर्ण माझ्या बाजूनं नव्हता. न्यायालय म्हणालं, बाईंना जागेवर हक्क नाही, हक्क आहे तो निवडीत उतरण्याचा, आणि तो हक्क खात्यानं वर्षानुवर्षं अडवून ठेवला. नव्या डॉक्टरची तात्पुरती नेमणूक रद्द. जागेची जाहिरात विनाविलंब काढायची, तोवर काम पूर्वीसारखं मीच पाहायचं. वकील म्हणाले, आता गप्प बसून अर्ज कर. मी अर्ज केला.

निवड समिती यरुशलेमला बसली. बसनं जाताना मला भीती वाटत होती हे कबूल करते. माझ्यापेक्षा मोठ्या पदव्यांचे लोक अर्ज करून होते, आणि समितीत एकानं तरी माझ्या नावाला आधीच नाक मुरडलं असणार. त्यांनी कामाचे प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग अध्यक्ष म्हणाले, "समजा निवड झाली नाही. पुन्हा कोर्टात जाल?"

"निवड नीट झाली असेल तर नाही जाणार. जो निवडला जाईल त्याच्या हाताखाली काम करीन, तेही उत्तम करीन."

"आणि निवड झाली तर? मग तरी शांत व्हाल?"

"माझ्या जिल्ह्यात दवाखान्याच्या मुख्य नर्सच्या दोन जागा कित्येक वर्षं तात्पुरत्या आहेत," मी म्हटलं. "त्या बायकांना कोर्टाचा पत्ता मी दिला आहे."

अध्यक्षांनी फाइल मिटली. मी बाहेर आले आणि बसथांब्याकडे चालू लागले. झालं, संपलं, असंच मला वाटत होतं. एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही मनात आलं. पण ते वाक्य गिळायचं म्हणजे त्या दोघींना खिडकीपाशी बसवून मी खुर्चीत चढायचं. ते मला जमलं नसतं.

थोड्या दिवसांनी घरी फोन वाजला. गोड आवाज. निवड झाली होती, समितीचा निर्णय माझ्या बाजूनं होता. मला रडू आलं, आणि ते आवरायचं कारण मला दिसेना. वरिष्ठांनी ते ऐकून घेतलं, मग खाकरून म्हणाले, अर्थात नियमाप्रमाणे सुरुवातीचा काळ परीक्षेचा असतो, त्या काळात वर्तणूक, सहकार्य, सगळं पाहिलं जातं. माझं रडणं तिथंच थांबलं. मी त्यांना उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय गो, झालीस का एकदाची कायम?"

"झाले. पण सुरुवातीला मी परीक्षेवर आहे म्हणे."

"मग तू काय बोललीस त्याला?"

"म्हटलं, तुम्हीसुद्धा."