नदीपलीकडची पहिलटकरीण

मी लिहावं की नाही, अजून कळत नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेला मी पहिलाच. इंग्रजी अर्धंमुर्धं येतं. आणि विषय बाळंतपणाचा. त्यात पुरुषाने तोंड घालू नये, असं आमच्याकडे मानतात. चुकलं तर माफ करा. पण जे घडलं ते डॉक्टरांच्या भाषणात आलं नाही, म्हणून लिहितो.

आदिलाबादमधला एक हॉल. पुढे खुर्च्यांवर पाहुणे. मागे सतरंजीवर आमच्या बाया, तामसीकडच्या गावांतून गाडीत बसवून आणलेल्या. गरोदर बाया आणि नवजात बाळांवरच्या संशोधनाचा तो समारोप होता. मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. पडद्यावर आकडे होते. एका आकड्यापाशी ते थांबले. एवढ्या बाया मधेच हरवल्या, म्हणाले. मग हसून म्हणाले, "या बायांना मोजणं म्हणजे तराजूत बेडूक तोलणं. एक ठेवावी, तर दुसरी उडी मारते."

पुढच्या खुर्च्या हसल्या. मागे आमच्या बायाही हसल्या. काय बोलले ते कळलं नव्हतं. साहेब हसले, म्हणून हसल्या.

त्या हरवलेल्यांत माझी वहिनी होती.

संशोधन सुरू झालं तेव्हा शहरातल्या या लोकांना मराठी येत नव्हतं आणि आमच्या बायांना दुसरं काही नीट येत नव्हतं. कॉलेजातल्या सरांनी माझं नाव सुचवलं. हेच मोठे डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तू हमारा आदमी है." मला केवढं वाटायचं! शर्टाला इस्त्री करून मी त्यांच्याबरोबर दारोदार हिंडलो.

बाया विचारायच्या, "काऊन घेऊन राह्यले बाप्पा रगत?"

काय सांगू, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बोलो, कुछ खराब निकला तो हम बताएँगे."

तेच मी मराठीत सांगितलं. प्रत्येक दारात. आमच्याही.

वहिनीचं पहिलंच होतं. सुई पाहून तिने हात मागे घेतला. "भाऊजी, तुमी कवापासून डाक्टरचे जावई झाले?"

"द्या हात. काही वाईट निंगालं त सांगतात ते."

"नाई सांगतलं त तुमालेच धरन मी." हसत तिने हात पुढे केला. लघवीची बाटली देताना म्हणाली, "हेबी शहरात नेता? तिकीट काढता का याचं?"

सातव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी गेली. पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात. आमच्याकडे पहिलटकरीण माहेरीच बाळंत होते आणि आमच्या गावच्या निम्म्या सोयरिकी नदीपलीकडच्या आहेत. हे मी डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. "देखेंगे," म्हणाले होते.

जाताना तिच्या पायांवर सूज होती. दादा म्हणाला, "एकदा दवाखान्यात दाखवू का?" आई म्हणाली, "तपासलं ना त्यायनं? काई असतं त सांगतलं असतं." आम्ही सगळे निर्धास्त. त्यांचं गप्प बसणं हेच आम्ही चांगलं उत्तर समजलो.

माहेरी तिला झटके आले. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वहिनी वाचली. बाळ मेलेलंच जन्मलं. मुलगी होती.

मी डॉक्टरांना फोन केला. रडत होतो. ते म्हणाले, "बच्चे का वजन किया था क्या?"

"सर, बच्चा मर गया."

"वो समझा. डिलिव्हरी कहाँ हुई?"

"नदी के उस पार."

"फिर वो हमारे एरिया में नहीं आता."

वहिनीच्या तपासणीत काय निघालं होतं, असं मी विचारलं. "देखना पड़ेगा," म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. हॉलमध्ये मी गेलो तो एवढंच विचारायला.

भाषण संपलं. त्यांनी मला वर बोलावून माईक दिला. "इनको बोलो, हम सब इनके आभारी हैं."

सवयीने आभाराचे शब्द ओठांवर आलेच होते. ते गिळले. म्हणालो, "मघाशी साहेब हसले, तुमीबी हसल्या. ते काय म्हणाले, ते सांगतो." आणि बेडकाचं सांगितलं. जसंच्या तसं.

आमच्या शेजारची काकू सतरंजीवरून उठली. "बेडूक आमी? मंग नेलं ते रगत कोनाचं रे, बेडकाचं?"

मागून कोणी म्हणालं, "पोरगी माहेरी गेली. माहेराले जानं म्हन्जे हरवनं व्हय?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "क्या बोल रही हैं ये?"

मी म्हणालो, "पूछ रही हैं, सर. मैं भी पूछ रहा हूँ. भाभी के रिपोर्ट में क्या था?"

कोणीतरी माईक बंद केला. मला दंड धरून खाली उतरवलं.

उत्तर मिळालं, पण डॉक्टरांकडून नाही. त्यांच्याबरोबर गावात येणारी नर्स परवा आदिलाबादच्या बसस्टँडवर भेटली. मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघत बोलली. "तुम्हारी भाभी का रिपोर्ट आ गया था. पेशाब में खराबी थी, बीपी भी ज्यादा था, ऐसे में ही झटके आते हैं. तब वो गाँव में ही थी, मायके गई नहीं थी. मैं सर को बोली, बता के आती हूँ. सर बोले, अभी बताया तो इलाज करा लेगी, अपना नतीजा बिगड़ जाएगा."

म्हणजे नदीचं खोटं होतं. ती अलीकडेच होती, आमच्या घरात, आमच्या डोळ्यांसमोर. आणि त्यांना माहीत होतं.

घरी येऊन आधी वहिनीला सांगितलं. मी म्हटलं, मी लिहितो, कलेक्टरकडे अर्ज देतो, बायांना घेऊन जातो.

"अर्ज द्या," ती म्हणाली. "पन थेथं मी बोलन. तुमी फक्त त्यायच्या भाषेत सांगजा. अन् एक शब्दबी गोड करू नका."

सोमवारी आम्ही जातो आहोत. मी एक शब्दही गोड करणार नाही.