नायट्रो मोटारसायकली आणि आम्हा चौघांचे बहिरेपण

गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाच्या अगदी जवळ उभे राहून तुम्ही कधी दोन्ही कानांत बोटे घातली आहेत का? घातली असतील तर एक विचित्र गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ताशाचा कडकडाट एकदम मागे सरतो, झांजा जवळजवळ नाहीशा होतात, ढोल मात्र जागचा हलत नाही. तो कानातून उठतो आणि छातीत जाऊन बसतो. दारे आपण स्वतः बंद केलेली असताना हा पाहुणा आत शिरला कुठून?

हा प्रश्न मला पडावा याला कारण आहे. मी दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कार्यालयात इमारतींमधला आवाज कमी करण्याचे काम करतो. शेजाऱ्याने संडासात पाणी सोडले की ते तुमच्या दिवाणखान्यात ऐकू येऊ नये, यासाठी मला पगार मिळतो. अशा माणसाने सुट्टीच्या दिवशी पैसे मोजून पृथ्वीवरच्या सर्वांत कर्कश दुचाक्या ऐकायला जावे, हे माझ्या पत्नीला, मेधाला, हलवायाने मिठाई विकत घेण्यासारखे वाटले.

पण प्रश्न माझा नव्हता. प्रश्न अप्पांचा होता.

अप्पा म्हणजे माझे सासरे. इचलकरंजीत त्यांचे यंत्रमाग आहेत. कारभार आता पुतण्या पाहतो आणि अप्पा रोज सकाळी कारखान्यात जाऊन त्याच्या चुका पाहतात. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यामुळे त्यांचे ऐकणे पार कमी झाले आहे. मागच्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या पाठीमागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आला. अप्पा रस्त्याच्या मधोमध शांतपणे चालत राहिले. शेवटी ट्रॅक्टर गटारात गेला. ‘गेला तर ट्रॅक्टर गेला, मी आहे की,’ असा निकाल त्यांनी स्वतःच देऊन टाकला.

मेधाने त्यांना शारजाला, आमच्या घरी आणले, तपासण्या केल्या, उत्तमातले कानाचे मशीन घेतले. अप्पांनी ते दोन दिवस घातले आणि डबीत ठेवले. ‘त्यातनं फक्त जावईबापूंचं पापड खाणं ऐकू येतंय,’ अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा मेधाने अट घातली: मशीन लावणार नसाल तर इचलकरंजीला एकटे राहायचे नाही. इथेच राहायचे. परतीचे तिकीट पंधरवड्यावर आले होते आणि दोघेही हटायला तयार नव्हते.

मधल्या काळात सासऱ्यांना रमवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. उंच इमारत दाखवून झाली (‘काचा कोण पुसतं?’). मॉल दाखवून झाला (‘इथं थंडी विकायला ठेवलीय का?’). अशात कळले की रास अल खैमाच्या रस्त्याला, शहरापासून दूर वाळूत आखलेल्या सरळ पट्टीवर, युरोपातून आलेले दोन चमू नायट्रोवर चालणाऱ्या मोटारसायकली पळवून दाखवणार आहेत. मी तिकिटे काढली. माणशी पन्नास दिरहम. ‘बाराशे रुपये! मोटारसायकल बघायचे?’ अप्पा उद्गारले. ‘आमच्याकडं शिवाजी पुतळ्यापाशी उभं राहिलं की फुकट दिसतात.’

शनिवार दुपार: शारजा ते धावपट्टी

जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना: शारजात राहत असाल तर हा प्रवास म्हणजे नियतीने दिलेली नुकसानभरपाई आहे. रोज सकाळी ज्या दुबईच्या दिशेने आपण मुंगीच्या गतीने सरकतो, तिच्याकडे पाठ फिरवून तीनशे अकरा क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला निघायचे. आरशात दिसणारी पलीकडच्या बाजूची कोंडी पाहताना मला जो आनंद झाला, तो फारसा सुसंस्कृत नव्हता. वाटेत पेट्रोलपंपावर कडक चहा घ्यावा. दोन दिरहमचा पेला. अप्पांनी त्याचे पन्नास रुपये केले आणि शेवटचा थेंबही सोडला नाही.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. कानांचे संरक्षण दुहेरी हवे: आत फोमचे बोळे आणि वरून कानांवर बसणारे मोठे मफ. शारजाच्या औद्योगिक भागातल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळतात. बोळा नुसता खुपसून चालत नाही. तो बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. गाडीतच मी सर्वांकडून याचा सराव करून घेतला.

‘जावईबापू, रिकाम्या घराला कुलूप कशाला लावताय?’ अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून, उरलेले ऐकणेही अशा आवाजाने जाऊ शकते, हे सविस्तर सांगितले. माझी पंधरा वर्षांची मुलगी ईरा मागच्या आसनावरून म्हणाली, ‘बाबा, प्लीज, नॉट द लेक्चर.’ अप्पा तिच्याकडे पाहून ‘हो, हो’ म्हणाले. ती मोबाइलमध्ये पाहत बोलली होती. अप्पा आल्यापासून तीन महिने दोघांमधला संवाद साधारण याच पातळीवर होता.

यंत्राची ओळख

तिकिटावर चमूंच्या तंबूंपर्यंत जाता येते. ही संधी सोडू नका. यंत्र पाहून प्रथम हसू येते. लांबलचक, बुटके, मागे शर्यतीच्या मोटारीला शोभेल असे रुंद चाक, पुढे सायकलीचे वाटावे असे किरकोळ चाक आणि शेपटीसारखा मागे निघालेला लांब दांडा, त्याच्या टोकाला चिमुकली चाके. हा दांडा सजावटीचा नाही. सुटताना मागचे चाक इतक्या जोराने ढकलते की अख्खी गाडी स्वाराला घेऊन मागे कोलमडेल. दांडा ती कोलांटी रोखतो. स्वार तिच्यावर बसत नाही, पालथा पडतो. अप्पांनी निरीक्षण नोंदवले: ‘दुपारी जेवल्यावर झोपल्यागत.’

आता नायट्रो, म्हणजे नायट्रोमिथेन हे इंधन. पेट्रोलला जळायला हवेतला प्राणवायू लागतो आणि तोही भरपूर लागतो. म्हणजे पेट्रोल हा असा पाहुणा आहे, की ज्याच्या एका घासामागे यजमानाला डझनभर ताटे मांडावी लागतात. नायट्रोमिथेनच्या रेणूत थोडा प्राणवायू मुळातच असतो. तो स्वतःचा डबा घेऊन येतो. परिणामी तेवढ्याच हवेत इंजिनाला कित्येक पट अधिक इंधन जाळता येते. प्रत्येक स्फोट मोठा होतो, आणि जे आत जळायचे राहते ते नळीच्या तोंडाशी ज्वाळा होऊन जळते. एवढ्या माराने इंजिनाचे हाल होतात. एक धाव झाली की चमू ते जागच्या जागी उघडून पुन्हा जुळवतो.

मी हे समजावून देत असतानाच समोरच्या कारागिरांनी नाकातोंडावर वायुरोधक मुखवटे चढवले. जाणत्या माणसाने त्या क्षणी मागे सरावे. मी वाक्य पूर्ण करत होतो. इंजिन फुटल्यासारखे सुरू झाले, आंबट वाफेचा लोट आला आणि आमच्या चौघांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

‘मिरची कांडप!’ अप्पा डोळे पुसत आनंदाने ओरडले. इतका मोठा आनंद त्यांनी मॉलमध्ये दाखवला नव्हता.

सहा सेकंद

ऊन उतरू लागल्यावर आम्ही प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो. डावीकडून क्रम असा: मेधा, मी, ईरा, अप्पा. क्रम लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आधी स्वार मागचे चाक ओल्या जागेवर फिरवून तापवतो, कारण तापलेले रबर रस्त्याला चिकटते. पांढऱ्या धुरात गाडी दिसेनाशी होते. मग दोन माणसे तिला हाताने मागे ढकलून रेषेवर आणतात. खांबावर दिवे लागतात. पिवळा. हिरवा.

त्यानंतरचे सांगणे मला, व्यावसायिक असूनही, अवघड जाते. आवाज झाला असे म्हणणे चूक ठरेल. कोणीतरी बरगड्यांच्या आत हात घालून दाणकन टाळी वाजवली. शर्टाची बाही थरथरली, बाकाची लोखंडी पट्टी मांड्यांखाली गुरगुरली, ईराच्या हातातल्या डब्यातला सोडा उसळला. डावीकडे पाहिले तेव्हा गाडी रेषेवर होती. उजवीकडे मान वळेपर्यंत ती चारशे मीटरपलीकडचा ठिपका झाली होती. साधारण सहा सेकंद. एवढ्यात मला चपलेचा पट्टासुद्धा लावता येत नाही.

आता सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर. आवाज म्हणजे हवेच्या दाबाचे हेलकावे. बारीक, किरटे आवाज बोळ्यापाशी अडतात. खर्जातले मोठे हेलकावे मात्र कानाची वाट पाहत नाहीत. ते अख्ख्या अंगावर आदळतात, आणि छाती ही आत हवा भरलेली पोकळ पेटी असल्यामुळे ती बरोबर हलू लागते. ढोल आपण तिथे ऐकतो.

अप्पा दोन्ही तळवे छातीवर ठेवून बसले होते. चेहरा उजळलेला होता. ‘माग लागले!’ त्यांनी मला खुणेने सांगितले. ‘सगळे एकदम!’

पुढे एकामागून एक गाड्या सुटत राहिल्या आणि आमची पंचाईत झाली. बोळे आणि मफ यांमुळे आम्ही तिघेही ठार बहिरे होतो. मेधा काहीतरी सांगत होती. मी ‘काय?’ म्हणत होतो. अखेर तिने माझ्याकडे पूर्ण वळून, शिशुवर्गातल्या बाईंसारखा तोंडाचा प्रत्येक आकार सावकाश घडवत ते वाक्य म्हटले:

‘अप्पांचं तिकीट मी रद्द केलंय. त्यांना आत्ता सांगू नकोस.’

मला कळले. दुर्दैवाने, माझ्या पलीकडे बसलेल्या आणि मेधाचे तोंड सरळ समोर दिसणाऱ्या माणसालाही कळले. यंत्रमागाच्या कारखान्यात कोणालाच काही ऐकू येत नाही. तिथे माणसे ओठ वाचतात, हातांनी बोलतात. अप्पांनी हे पंचवीस फुटांवरून केले आहे, तेही मागांच्या रांगांमधून. आणि मेधाने तर ते वाक्य फलकावर रंगवावे इतक्या मोठ्या अक्षरांत म्हटले होते.

अप्पा उभे राहिले. आवाज न काढता, तितक्याच स्पष्ट ओठांनी त्यांनी विचारले, ‘कुणाचं तिकीट?’

मग जे भांडण झाले ते मी आयुष्यात पाहिलेले सर्वांत शांत भांडण होते. बापलेक ईराच्या आणि माझ्या डोक्यांवरून हात नाचवत होते. मेधाने ट्रॅक्टर काढला (दोन्ही हात स्टिअरिंगवर). अप्पांनी दार काढले: बंद, कुलूप, कैदी. मध्येच दिवे लागले, हिरवा झाला, आणि सहा सेकंद चौघांच्याही माना डावीकडून उजवीकडे फिरल्या. गाडी ठिपका झाल्यावर भांडण जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले.

ईरा या वेळी मोबाइल विसरून आजोबांच्या हातांकडे पाहत होती.

रविवार सकाळ: रास अल खैमा

मुक्कामाला आम्ही रास अल खैमाला गेलो. दोन खोल्यांचे साधे हॉटेल पुरते. सकाळी खाडीकाठच्या एका मल्याळी उपाहारगृहात परोठा आणि अंड्याचा रस्सा घ्यावा. आमच्या टेबलावर तेवढे एकच गरम होते.

‘तुम्हाला सगळं कळतं,’ मेधा शेवटी म्हणाली, ‘मग घरात नुसतं हो हो का म्हणता?’

‘समोर असलीस की कळतं,’ अप्पा म्हणाले. ‘तू ओट्याकडं तोंड करून विचारतेस. ही पोरगी मोबाइलला सांगते. जावईबापू लॅपटॉपच्या मागनं बोलतात. मी हो म्हणतो. चहा आला तर चहा, ओरडा आला तर ओरडा.’

‘म्हणून तर मशीन घ्या म्हणते ना!’

‘अगं, मशीननं आवाज मोठा होतो, माणसं वळत नाहीत. आमच्या कारखान्यात रीत होती. बोलायचं असलं की आधी खांद्याला हात लावायचा, समोरच्याचं तोंड वळेपर्यंत थांबायचं, मग बोलायचं. पाठमोऱ्याशी कुणी बोलत नाही.’

मेधाने परोठ्याचा तुकडा बशीत ठेवला. ‘आणि ट्रॅक्टर?’

अप्पांनी परोठ्याचा तुकडा रश्शात बुडवला.

‘ट्रॅक्टरला तोंड नसतं,’ ते म्हणाले. ‘मागनं येणाऱ्याला मशीनच पाहिजे. ते मी घालतो. दारात चप्पल घातली की मशीन घालायचं. झालं? पण समोरच्याला तोंड असतं, मेधा. ते तुम्ही दाखवा.’

मी या ठिकाणी, मशीनचा आवाज कानाला सवयीचा व्हायला काही आठवडे लागतात, रोज थोडा वेळ वाढवत जायचा असतो, हे मांडणार होतो. ईराने माझ्या खांद्याला हात लावला, मी वळेपर्यंत थांबली, आणि ओठांनी, इथल्या अरबीत ‘पुरे’ म्हणतात तसे म्हणाली, ‘बाबा, खलास.’

तिकीट मेधाने तिथेच, हात पुसून, पुन्हा काढले. अप्पांनी खिशातून डबी काढली, मशीन कानात बसवले आणि माझ्याकडे संशयाने पाहिले. मी पापड मागवला नव्हता.

घरी

अप्पा इचलकरंजीला पोचले. पुतण्याची तक्रार आहे की आता त्यांना मागून बोललेलेही ऐकू येते, त्यामुळे कारखान्यात गैरसोय वाढली आहे. ईरा त्यांच्याशी व्हिडिओवर बोलते, पुष्कळदा आवाज बंद ठेवून. धागा तुटल्याची कारखान्यातली खूण, दोन जुळलेली बोटे झटकन फाकवणे, ती आता इंटरनेट गेल्यावर करते.

नायट्रोबद्दल विचाराल तर जरूर जा. पण एक प्रयोग घरबसल्याही होतो. आज जेवायला बसण्यापूर्वी, कोणाला न सांगता, दोन्ही कानांत कापसाचे घट्ट बोळे घाला. पहिली पोळी संपेपर्यंत तुमच्याशी जे कोणी बोलेल, त्यातल्या कितीजणांचे तोंड तुम्हाला दिसते, एवढेच पाहा. मी केला. मेधा फ्रिजशी बोलली, मी बहुधा ‘हो, हो’ म्हणालो. मग खांद्याला एक हात लागला. मी वळलो. ईरा थांबली होती, आणि माझ्याकडे पाहत तिने सावकाश, चक्क मराठीत विचारले, ‘बाबा, कानात कापूस कशाला?’