फुली एकच मारली

बशीत चहा ओतला की वाईचं एसटी स्टँड आठवतं. तिथं आमी नवराबायकोनं एक चहा दोघांत घेतला, एकत्र घेतलेला तो शेवटचा. मग फुकट तपासणीच्या शिबिरात गेलो. दोन दिवसांचं होतं ते. टेबलावरच्या बाईनं छापील कागद दिला, त्यावर दुखण्यांची नावं आणि पुढं चौकटी. फुली बघून माणसांना वेगवेगळ्या रांगेत लावत होते. मी हिच्या कागदावर तापावर फुली मारली. ही म्हणाली, "छातीवर बी मारा की आवं, लय दाटतंय." मी म्हणालो, "दोन शिक्के मारले की मत बाद होतं, तसंच हे. एकच मारायची." ती हसली, "मग येऊ द्या तापाला निवडून." तापाच्या रांगेत गोळ्या मिळाल्या. घरी आलो, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. गावचा डॉक्टर म्हणाला, छातीचंच होतं हे. मला रडू बी आलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा कागद घेऊन मी परत शिबिरात गेलो आणि त्या बाईला विचारलं, फुल्या किती चालतात. ती म्हणाली, "दुखतंय तेवढ्या मारा की, दादा." का ते आज बी सांगता येत न्हाई, पण मी तिथलीच पेन्सिल उचलून छातीवर फुली मारली आणि छातीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.