नव्या कोर्टातला पहिला पुकारा

उपनगरांतल्या कोर्टांसाठी न्यायाधीश वाढवण्याचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं, तेव्हा मी वार्ताहरांच्या सज्जात होतो. विरोध कुणीच केला नाही. मालाडला चाळीत परतल्यावर मी ही बातमी शेजारच्या काकांना सांगितली. काका गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. खोली खाली करून घेण्यासाठी घरमालकाने त्यांच्यावर लावलेला दावा सहा वर्षं नुसता तारखांवर चालला होता.

"म्हणजे माझ्या हयातीत निकाल लागतलो म्हणतस?"

"लागेल."

"असा चलता हा ता काय वायट, रे? खोलयेत रवतंय मां."

त्या सहा वर्षांत एक रीत पडून गेली होती. काका साडेदहाला कोर्टाच्या दारासमोरच्या बाकावर येऊन बसत. दुपारच्या सुट्टीआधी त्यांचा नंबर कधीच लागला नव्हता, म्हणून त्यांचे वकील जेवूनच येत. मग शिपाई पुढची तारीख सांगे.

नव्या न्यायाधीशांना आवाराच्या मागच्या बाजूची दप्तराची खोली चुना मारून दिली. निम्मे दावे तिकडे वर्ग झाले. त्यांची यादी इंग्रजीत टाइप करून भिंतीवर डकवली होती. पहिल्या दिवशी बातमीसाठी मी गेलो. काका नेहमीच्या बाकावर होते. मी हात केला आणि मागच्या कोर्टाकडे गेलो.

बरोबर अकराला शिपायाने पुकारा केला. तीन वेळा, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. मी ते वहीत उतरवून घेतलं. कुणी उठलं नाही. घरमालकाचा वकील तयारीनिशी आला होता. वीस मिनिटांत एकतर्फी निकाल झाला: खोलीचा ताबा द्यावा. 'कामाचा वेग उल्लेखनीय', मी नावापुढे लिहिलं.

अडीचला काकांचे वकील आले, तेव्हा मी बाकापाशी परतलो होतो. भिंतीवरची यादी त्यांनी दोनदा वाचली.

"काका, तुमचा दावा मागच्या कोर्टात गेलाय. सकाळीच पुकारा झाला."

"मी हयच आसंय," काका म्हणाले. "सकाळपासून."

वकिलांनी यादीतलं नाव वाचून दाखवलं, तेव्हा मी वही उघडली. चाळीत आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणत होतो.

निकाल रद्द करण्यासाठी अर्ज केला. त्याला तारीख मिळाली. तिच्या आठ दिवस आधी बेलीफ कुलूप घेऊन आला. दारात उभं राहून त्याने कागदावरचं पूर्ण नाव वाचलं.

"हजर," काका म्हणाले.